आठवड्यातला एक तास

(उत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला सांगितले, "काहीतरी बोला." कशावर, असे विचारले तर म्हणाले, "कशावरही." रेल्वेच्या माणसाला इतका मोकळा सिग्नल सहसा मिळत नाही. तेव्हा मी विषय निवडला आहे जेवणाचा. महाप्रसादाचा मसालेभाताचा वास इथपर्यंत येतो आहे, म्हणजे विषय अगदीच अवेळी नाही. पण मी बोलणार आहे ते वर्षातून एकदा होणाऱ्या जेवणाबद्दल नव्हे, तर दर आठवड्याला होणाऱ्या जेवणाबद्दल.

रोटरी, लायन्स ही नावे आपण सर्वांनी चौकातल्या पाट्यांवर वाचलेली आहेत. कुठे पाणपोई, कुठे डोळ्यांचे शिबिर, कुठे शाळेला दिलेले बाक. पाटी आपल्याला दिसते. पाटीमागे काय असते ते दिसत नाही. पाटीमागे असतात ठरल्या वारी, ठरल्या वेळी एकत्र बसून जेवणारी वीस-पंचवीस माणसे.

ही पद्धत कुठून आली ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचा एक वकील होता. लहान गावात वाढलेला आणि पोटापाण्यासाठी मोठ्या शहरात आलेला. ओळखी पुष्कळ, पण आपले म्हणावे असे माणूस नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तो आणि आणखी तिघे एकत्र बसले. त्यातला एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक कपडे शिवण्याच्या धंद्यातला. युनिटी बिल्डिंगमधली ७११ क्रमांकाची खोली, म्हणजे त्या खाण अभियंत्याचे ऑफिस, ही त्यांची पहिली बैठकीची जागा. पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात भरू लागल्या, म्हणून नाव पडले रोटरी. गाव सोडून आलेली माणसे, कोळसा आणि खाण! मला वाटते, भिलाईच्या माणसाला ही मंडळी परकी वाटण्याचे कारण नाही.

सुरुवात झाली ती मैत्रीसाठी आणि थोडीफार एकमेकांच्या धंद्यासाठी. पण दर आठवड्याला तीच माणसे समोरासमोर बसू लागली की फक्त स्वतःबद्दल किती बोलणार? १९०७ मध्ये या मंडळींनी गावासाठी पहिले काम हाती घेतले, ते सार्वजनिक शौचालयाचे. लायन्सचीही गोष्ट अशीच. शिकागोतच मेल्विन जोन्स नावाचा विमा व्यावसायिक एका व्यापारी जेवण-मंडळाचा चिटणीस होता. आपण नुसते धंद्यापुरते का जेवतो, समाजासाठी काही का करू नये, हा विचार त्याने पुढे रेटला आणि १९१७ मध्ये लायन्सची उभारणी झाली. भारतात रोटरी आली १९१९ मध्ये, कलकत्त्याला. मुंबईचा क्लब १९२९ चा.

आता एक योगायोग पाहा. शिकागोत ही चार माणसे जमली त्याच वर्षी, म्हणजे १२ जून १९०५ रोजी, पुण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. गोखल्यांनी आपल्या सेवकांकडून सगळे आयुष्य मागितले. अल्प मानधन आणि देशाचे काम, बस्स. त्यातून ना. म. जोशी यांच्यासारखी माणसे उभी राहिली. त्यांनी १९११ मध्ये मुंबईत गिरणगावातल्या लोकांसाठी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि पुढे देशाच्या कामगार चळवळीचा पाया घातला. शिकागोवाल्यांनी मात्र माणसाकडून आठवड्यातला एक तास मागितला. पहिली वाट नक्कीच मोठी आहे. पण आपण प्रपंचाची माणसे. कोणी बीएसपीत, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणाचे जवाहर मार्केटात दुकान. सगळे आयुष्य देणे आपल्याला जमणार नाही. एक तास देता येईल का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा तास कसा असतो ते मी स्वतः पाहिले आहे. आपल्याच शहरातल्या एका सेवाभावी क्लबने दुपारच्या जेवणाच्या बैठकीला मला वक्ता म्हणून बोलावले होते. विषय होता रूळ ओलांडण्याचा. पावर हाउसचा भूगोल तुम्हाला ठाऊकच आहे. एका अंगाला कारखाना आणि टाउनशिप, दुसऱ्या अंगाला कॅम्प आणि बाजार, आणि मधून रूळ. पुलाचा वळसा नको म्हणून माणसे सायकल खांद्यावर घेऊन रुळावरून जातात. मी त्यांना आकडे सांगितले. ताशी १३० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात ३६ मीटर पुढे येते आणि ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर घेते. ड्रायव्हरला माणूस दिसला तरी तो काही करू शकत नाही.

पण मला लक्षात राहिले ते माझे भाषण नव्हे, त्यांची पद्धत. एक वाजता घंटा वाजली. जेवण साधे होते, वरण-भात, पोळी आणि दोन भाज्या. डोळ्यांचे डॉक्टर, टायरचे दुकानदार, सीए, औषधविक्रेते, एका शाळेच्या मुख्याध्यापिका असे सगळे एका टेबलावर. एकाच धंद्याची माणसे भरायची नाहीत, निरनिराळ्या कामांतली घ्यायची, हा त्यांचा जुना दंडक. जेवताना चिटणीसांनी एक साधी वही उघडली. मागच्या आठवड्यात कोणी काय करायचे ठरले होते, झाले की नाही, एवढेच वाचून दाखवले. न झालेल्यावर कोणी रागावले नाही. फक्त "पुढच्या बुधवारी" असे लिहिले गेले. मग वक्त्याला वीस मिनिटे. दोन वाजता पुन्हा घंटा, आणि सगळे आपापल्या कामाला.

माझ्या भाषणानंतर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "साहेब, हे आम्हाला सांगून उपयोग नाही, मुलांना सांगा." मी "हो, बघू" म्हटले. आपल्याकडे "बघू" म्हणजे काय ते आपण जाणतो. पण तिथे ते वहीत लिहिले गेले! पुढच्या गुरुवारी फोन, "साहेब, शाळा कधी?" त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. चौथ्या आठवड्यात मी कॅम्पातल्या एका शाळेत उभा होतो. त्यानंतर आणखी पाच शाळा झाल्या. आता सांगा, हे काम कोणी केले? माझ्या भाषणाने नव्हे, त्या वहीने केले.

आम्ही रेल्वे पथवाले हे लवकर ओळखतो. आमच्याकडे कीमन असतो. खांद्यावर हातोडा, जवळ पाना, लाल-हिरवी झेंडी. उन्हाळ्यात रूळ भाजत असो की पाऊस कोसळत असो, तो आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासतो. सैल क्लिप दिसली की ठोकून बसवतो. यात बातमी होण्यासारखे काहीच नाही. आलिशान गाडी सुरू झाली की हार घातले जातात, फोटो येतात. कीमनचा फोटो कोणी काढत नाही. पण गाडी रुळावर राहते ती त्याच्या रोजच्या चालण्यामुळे. वर्षातून एकदा शंभर माणसांनी वाजतगाजत रूळ तपासला आणि उरलेले दिवस कोणी फिरकले नाही, तर काय होईल ते सांगायला इंजिनियर लागत नाही.

या नेमाची ताकद किती, त्याचे मोठे उदाहरण पोलिओचे आहे. रोटरीने १९८५ मध्ये जगातून पोलिओ घालवण्याचे काम घेतले. सरकारे, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लाखो स्वयंसेवक यात होते. श्रेय एकट्याचे नाही. पण ठिकठिकाणच्या क्लबांनी आठवड्यामागून आठवडे पैसा आणि माणसे पुरवली. आमच्या स्टेशनांच्या फलाटांवर निळी पेटी घेऊन उभे असलेले स्वयंसेवक तुम्हाला आठवत असतील. गाडीतून उतरणाऱ्या मुलाला दोन थेंब आणि करंगळीवर शाईची खूण. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. म्हणजे आपल्याच मार्गाच्या त्या टोकाचा. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

आता आपल्या घरात येतो. आपला उत्सव उत्तम होतो, यात शंका नाही. दहा दिवस आपण एक असतो. आपले रक्तदान शिबिरही दरवर्षी चांगले होते. पण रक्ताचे एक शास्त्र आहे. पिशवीतले रक्त साधारण ३५ दिवस टिकते. विशेष द्रावण घातले तर तांबड्या पेशी ४२ दिवस. भाद्रपदात दिलेले रक्त माघात कोणाच्या कामी येणार नाही. माझ्या गँगमधल्या एका ट्रॅकमनच्या मुलीला सिकलसेल आहे. छत्तीसगढात आणि आपल्या विदर्भात या आजाराची कितीतरी घरे आहेत. फेब्रुवारीत तिला अचानक रक्त लागले. दुपारभर फोन झाले. शेवटी रक्त मिळाले ते त्या जेवणाच्या टेबलावरच्या वहीतून. औषधविक्रेत्यांकडे कोणाचा रक्तगट काय आणि शेवटचे रक्त कधी दिले याची यादी होती. संध्याकाळच्या आत दोन जण पोहोचले. ती पोर आता सातवीत आहे. आपल्या मंडळात रक्त देणारे त्यांच्यापेक्षा जास्त आहेत. आपल्याकडे फक्त वही नाही.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. आपल्यातली एक पिढी निवृत्त झाली. मुले पुण्याला, बंगळूरला. घरात दोघे, नाहीतर एकटेच. गेल्या पावसाळ्यात आपल्यातले एक काका न्हाणीघरात पडले. दूधवाल्याला सकाळी कळले. आपल्याला कळले चौथ्या दिवशी. काका आता बरे आहेत, आज पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि हे सांगायला त्यांनीच मला परवानगी दिली आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. कोजागिरीनंतरच्या पहिल्या रविवारपासून दर आठवड्याला दुपारी एक तास जेवायला एकत्र बसू. हॉटेल नको, वर्गणी नको. प्रत्येकाने घरचा डबा आणावा. जागा आळीपाळीने, आज कॅम्पात, पुढच्या वेळी सेक्टरमध्ये, कधी आमच्या रेल्वे कॉलनीत. साडेबाराला सुरू, दीडला बंद. हार नको, सत्कार नको. एक जण वीस मिनिटे आपल्या कामाबद्दल बोलेल. नर्सताई रक्तदाबाबद्दल, बँकेतले दादा फोनवरच्या फसवणुकीबद्दल, फर्नेसवरचे काका लोखंड कसे वितळते त्याबद्दल. आणि एक वही.

काही जण म्हणतील, शिफ्ट ड्यूटीत दर रविवार कसा जमेल? खरे आहे. माझाही जमणार नाही, ब्लॉक नेमका रविवारी मिळतो. खुद्द रोटरीनेही २०१६ मध्ये दर आठवड्याची सक्ती सैल केली आणि महिन्यातून किमान दोन बैठका पुरेशा मानल्या. ज्याला जसे जमेल तसे त्याने यावे, पण बैठक मात्र थांबू नये. पाच जण आले तरी पाच जणांनी जेवावे. आणखी एक. या क्लबांनी बायकांना दार उघडायला फार वर्षे घेतली. रोटरीने १९८९ साली. आपण तो वेळ घालवू नये. वही वहिनींच्या हाती असावी, असे माझे मत आहे. भिशीचा हिशेब ज्यांनी वर्षानुवर्षे पैशाची चूक न होता ठेवला, त्यांच्याइतका विश्वासू चिटणीस आपल्याला मिळणार नाही.

नियम एकच कडक ठेवू. रोटरीत एखाद्याची बैठक चुकली तर त्याने दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन हजेरी भरून काढायची रीत आहे. आपण ती उलटी करू. जो नेहमी येतो तो एखाद्या रविवारी आला नाही, तर त्याने हजेरी भरायची नाही, आपण भरायची. संध्याकाळी जवळच्या एकाने त्याच्या घरी जाऊन दार वाजवायचे. "काका, आज दिसला नाहीत?" एवढे विचारायचे, चहा दिला तर घ्यायचा, आणि वहीत लिहायचे, "भेटलो, ठीक आहेत."

मंडपाच्या दाराशी टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. महाप्रसादाला जाताना नाव, रक्तगट आणि फोन नंबर तेवढा लिहून जा. पहिले पान मी भरले आहे.

 गणपती बाप्पा मोरया! जय जोहार!