आवलीची बाजू

संतसज्जन, माउली, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, त्यानिमित्त आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितलंय. आम्ही चौथी शिकलेले येडगावचे शेतकरी. चुकलंमाकलं पदरात घ्यावं.

आज आम्ही एका सिनेमावर बोलणार आहोत. प्रभातचा ‘संत तुकाराम’. तो १९३६ साली आला. दामले आणि फत्तेलाल यांनी काढला. विष्णुपंत पागनीस तुकोबाराय झाले आणि गौरीबाई आवली झाल्या. १९३७ साली पार व्हेनिसला त्याचा गौरव झाला.

आम्ही तो पहिल्यांदा पाहिला जत्रेतल्या तंबूत, पोरवयात. येडगावचं धरण अजून व्हायचं होतं. शेवटी वैकुंठाचं विमान आलं तसे सगळ्यांनी पडद्याला हात जोडले. आम्ही पण जोडले. डोळ्यांपुढं राहिलं ते विमान.

पुढं कीर्तनं करू लागलो. आवलीचा प्रसंग हमखास सांगायचो. पोरगं आजारी पडतं, ती वहाण घेऊन देवळात जाते आन् पांडुरंगालाच मारायला निघते. आम्ही तिचा आवाज काढायचो, मंडळी पोट धरून हसायची. चाळीस वर्षं हसवलं.

दोन वर्षांमागं नातवानं मोबाईलवर तोच सिनेमा लावून दिला. आम्ही दोघं नवराबायको पाहत होतो. वहाणेचा प्रसंग आला, आम्ही हसलो. ही हसली नाही. म्हणाली, “पोरगं आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात. मग तिनं जायचं तरी कुणाकडं?”

थोड्या वेळानं म्हणाली, “तुम्ही एका आषाढीला पंढरपुरात होता, तवा आपला धाकटा तापानं फणफणला होता. टोमॅटोचा तोडा चालू. रात्री नारायणगावला निघालेल्या टेम्पोत क्रेटवर बसून त्याला डॉक्टरकडं नेला. तुम्ही आलात तवा तो खेळत होता. मग कशाला सांगायचं?”

माउली, धाकट्याला आता पोरंबाळं झालीत. इतकी वर्षं आम्हाला हे ठाऊक नव्हतं. आणि त्या वर्षीही माघारी आल्यावर आम्ही गावात कीर्तन केलं होतं. त्यात आवलीची नक्कल केली होती. ही बायकांत पुढं बसली होती.

सिनेमाच्या शेवटी तुकोबाराय वैकुंठाला जातात, आवली पोरांपाशी मागं राहते. महाराजांचं वैराग्य खरंच, त्यात शंका नाही. पण त्या घरची चूल कुणी पेटती ठेवली, हे आम्ही चाळीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

गेल्या आषाढीला आम्ही घरी राहिलो, वारीला ती गेली. डोक्यावर तुळस घेऊन आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालली. हिकडं गाईंच्या धारा आणि टोमॅटोचा तोडा आमच्याकडं. तिसऱ्याच दिवशी कंबर धरली. ती आली, पाया पडलो. ती म्हणाली, “अहो, हे काय!” आम्ही म्हणालो, “वारकऱ्याच्या पाया पडतोय.”

दिंडीला एकच विनंती. आपल्या वहीत चालणाऱ्याचं नाव असतं. त्याच्या शेजारी, घर ज्यानं सांभाळलं त्याचंही नाव लिहा. मग ती आई असो, बायको असो, सून असो नाहीतर भाऊ असो. त्याचीही वारी झाली, असं समजा.

आवलीचा प्रसंग आम्ही अजूनही कीर्तनात सांगतो. नक्कल तेवढी करत नाही.

राम कृष्ण हरि!