गोड आहे गं पोरगा

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला "कॉम्प्युटरवर काहीतरी बोल" असं सांगितलं. त्याऐवजी मी एका फोटोबद्दल बोलते.

आपला दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो ग्रुपवर आला, तेव्हा सगळे माझ्या मागे लागलात. तू इंजिनियर ना, मग मागच्या रांगेतला आपला मित्र जरा स्पष्ट करून दे. तो आता आपल्यात नाही, आणि काकूंकडे त्याचा त्या वयातला एकही फोटो नाही.

कॉलेजात असताना हॉस्टेलवर 'ब्लेड रनर' पाहिला होता. १९८२ सालचा, रिडली स्कॉटचा. त्यात नायक एक साधा फोटो यंत्रात घालतो, तोंडी हुकूम सोडतो, आणि यंत्र आत शिरत शिरत आरशातून पलीकडे झोपलेली बाई शोधून काढतं. गोष्ट घडते २०१९ मध्ये. ते साल येऊन गेलं, तसं यंत्र काही आलं नाही. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते मोठं करून कुठून दिसणार?

ग्रुपवरचा फोटो म्हणजे छापील फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो, वर व्हॉट्सॲपने आणखी दाबलेला. मित्राचा चेहरा जेमतेम वीस ठिपके रुंद. तरी मी तो सॉफ्टवेअरला दिला. काही सेकंदांत डोळे, पापण्या, दात, सगळं लख्ख! खूश होऊन मी फ्रेम करून घेऊन गेले. काकूंनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "गोड आहे गं पोरगा. कोणाचा?"

घरी येऊन मूळ फोटो पुन्हा उघडला. डाव्या भुवईवर एक पांढुरका ठिपका होता. विटी लागून पडलेली ती खोक आठवते ना? सॉफ्टवेअरने तो फोटोवरचा ओरखडा समजून पुसला होता. ते चेहरा शोधत नाही. लाखो चेहरे पाहिलेले असतात, त्यावरून शोभेलसा एक बनवतं. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या अशाच प्रोग्रामला कोणीतरी बराक ओबामांचा अंधुक फोटो दिला, तर बाहेर आला एक गोरा माणूस!

काकूंची मी माफी मागितली, त्यांनी चहा दिला. पण सगळीकडे चहावर भागत नाही. चेहरे जुळवणारे प्रोग्राम वेगळे. ते चेहरा बनवत नाहीत, साठ्यातला सगळ्यांत जवळचा काढून देतात, पण तोही अंदाजच. अमेरिकेत डेट्रॉइटला एका दुकानात घड्याळांची चोरी झाली. कॅमेऱ्यातल्या अस्पष्ट चित्रावरून प्रोग्रामने एक माणूस सुचवला, आणि जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी त्याला बायको आणि दोन लहान मुलींसमोर बेड्या घातल्या. तो चोर नव्हताच. सुमारे तीस तास कोठडीत काढले त्याने. आज शाळेच्या गेटवर कॅमेरा दिसताच आपण सगळ्यांनी केस सारखे केले, तेव्हा मला तो आठवला.

स्मरणिकेत आपला फोटो आहे तसाच, अंधुकच छापायला मी सांगितलं आहे. मात्र तेव्हा स्टुडिओतून आलेली छापील प्रत कोणाच्या तरी ट्रंकेत नक्की असेल. तिच्यात ती खोक स्पष्ट दिसेल. ज्यांनी प्रत सोबत आणली असेल, त्यांनी जेवणाआधी मला भेटा. स्कॅनर गाडीत आहे.