पीएच.डी.चा खर्च कोण उचलणार?

2004 साली सोलापूरला विद्यापीठ झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. आता सोलापूरजवळच्या होटगीच्या मुलांना केगावच्या विद्यापीठापर्यंत गेलं की भागतं. तरी एम.ए. झालेली मुलगी पीएच.डी.चं नाव काढते तेव्हा वडील विचारतात, ‘अजून पाच वर्षं? घर कसं चालायचं?’ प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तरही हिशेबानंच द्यायला हवं.

नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप (जेआरएफ) मिळाली, तर 2023पासूनच्या दरानं दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढची तीन वर्षं 42,000 रुपये. पाच वर्षांचे 24 लाख झाले; घरभाडं भत्ता वेगळा. ती नसेल तर आपल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेकडे फेलोशिपसाठी अर्ज करायचा. तेही जमलं नाही, तर कोर्सवर्कपासून सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगपर्यंत सगळा भार घरावर. फी त्यामानानं किरकोळ. घर खचतं ते हुकलेल्या पगारानं.

आणि एवढं करून नोकरी? जुलै 2023मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) सहायक प्राध्यापकपदासाठी नेट-सेट पुरेशी ठरवली. त्या पदाचं मूळ वेतन 57,700 रुपये, पण कायम जागा निघेल तेव्हा. तोवर कित्येक डॉक्टर तासिका तत्त्वावर शिकवतात. सुट्टी लागली की मानधन थांबतं.

त्याच वर्षी डिसेंबरात, विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असं विचारलं. संशोधक दुखावले, ते साहजिकच होतं.

कारण याच महाराष्ट्रातले भीमराव आंबेडकर 1913मध्ये बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांवर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917मध्ये पुढे लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेतलं, तेव्हा 1920मध्ये पुन्हा लंडन गाठता आलं. कोलंबियाची पीएच.डी. प्रबंध छापून झाल्यावर, 1927मध्ये हाती पडली. बुद्धी पहिल्या दिवसापासून होती. खोळंबा झाला तो पैशांपायी.

होटगीच्या मुलीनं म्हणूनच आधी जेआरएफ पक्की करावी, मग नोंदणी. नोकरी असेल, तर यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते, कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. मुदत सहा वर्षांची, पुनर्नोंदणीनं आठपर्यंत; स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षं आणि 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा मिळू शकते. लग्न ठरवताना ही सवलत दोन्ही घरांनी विचारात घ्यावी, म्हणजे प्रबंध अर्ध्यावर सुटणार नाही.