पाणी ओसरल्यानंतरचे दिवस
(वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण, सानपाडा)



२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या जलप्रलयाची आठवण आपणा सर्वांना आहे. परंतु पाणी ओसरल्यानंतर, ऑगस्ट महिन्यात, मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली, याचे स्मरण फार थोड्यांना असते. पुराची छायाचित्रे वृत्तपत्रांतून नाहीशी होतात, तेव्हा रुग्णालयांचे खरे काम सुरू होते.

आपले सानपाडा खाडीलगतच्या सखल भागात वसले आहे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याचा निचरा मंदावतो. शेजारच्या घाऊक बाजारातील माथाडी, सफाई कामगार, फेरीवाले यांना अशा दिवशीही साचलेल्या पाण्यातूनच वाट काढावी लागते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातील जंतू पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात प्रवेश करतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो. तोवर पाऊस उघडलेला असतो आणि त्या पाण्याचा या तापाशी असलेला संबंध रुग्णाच्या ध्यानात येत नाही. रोजची मजुरी बुडू नये म्हणून तो दुखणे अंगावर काढतो. आरंभी साध्या प्रतिजैविकांनी आटोक्यात येऊ शकणारा हा आजार मग मूत्रपिंडे, यकृत वा फुप्फुसे यांवर आघात करून प्राणावर बेततो.

यास्तव तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. पावसाळ्यात तापाच्या प्रत्येक रुग्णाला ‘गेल्या महिनाभरात साचलेल्या पाण्यातून चालला होतात काय?’ हा प्रश्न नोंदणीच्या वेळीच विचारला जावा. अशा पाण्यातून गेलेल्या नागरिकांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडून प्रतिबंधक औषधाविषयी सल्ला घ्यावा. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी औषध निराळे असते, म्हणून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. तिसरी विनंती विश्वस्त मंडळास आहे. पावसाळ्याचे चार महिने तापाचा बाह्यरुग्ण विभाग रात्री उशिरापर्यंत खुला ठेवावा, म्हणजे मजुरी आणि उपचार यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी कोणा श्रमिकावर येणार नाही.

पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. त्यानंतरचे दोन आठवडे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहेत. या कार्यास देणगीदारांचेही साहाय्य लाभेल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.