शालेय नाटक : पडद्यामागील शिक्षण



श्रीमती सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत ‘लिटल थिएटर’च्या वतीने रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. मुलांच्या रंगभूमीला त्यामुळे स्वतंत्र प्रतिष्ठा लाभली. आपल्या शाळांत मात्र नाटक म्हणजे स्नेहसंमेलनापूर्वीची पंधरा दिवसांची धावपळ! पाठांतर चांगले असलेल्या चौघांना भूमिका मिळतात. उरलेले सतरंजीवर बसतात. वास्तविक वेळेवर पडदा ओढणे, रंगभूषा करणे, मंचावरील वस्तूंची यादी राखणे यांतही शिक्षण आहे. वर्गात कधीही न बोलणारा माझा एक विद्यार्थी पुठ्ठ्याचा राजवाडा उभारताना इतरांची चुकलेली मापे मोठ्याने दुरुस्त करू लागला. तेव्हा ग्रामपंचायतीने आठवड्यातून एक सायंकाळ समाजमंदिर शाळेला द्यावे, एवढीच माझी विनंती आहे. भाडे मात्र मागू नये!