नाक्यावरची खाणावळ

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघालं, की खारेपाटणनंतर तळेरे लागतं. कणकवली तालुक्यातल्या या गावातून एक रस्ता विजयदुर्गाकडे जातो, तर दुसरा वैभववाडी, गगनबावडामार्गे कोल्हापूरला. माणसं जिथे गाडी बदलतात, तिथे आधी चहाची चूल पेटते आणि मग खाणावळ उभी राहते.

हा मुलूख वाटसरूंना नवा नाही. जवळचं खारेपाटण हे खाडीकाठचं जुनं बंदर. तिथे मिळालेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट इ. स. १००८ चा आहे. बंदरातलं मीठ, नारळ, सुकी मासळी घाटावर जाई. धान्य आणि गूळ खाली येई. गाडीवानांचा मुक्काम देवळात, धर्मशाळेत, नाहीतर ओळखीच्यांच्या पडवीत. शिधा आपला, चूल तीन दगडांची. आल्यागेल्याला गूळ-पाणी मात्र घराघरांतून मिळे.

पुढे एस. टी. आली. गाडी सुटायच्या आत जेवण उरकायचं, म्हणून तयार ताट हवं झालं. उकड्या तांदळाचा भात, माशाची कढी, सोलकढी. सोमवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं. बाहेर पाटी मालकाच्या नावाची, आत वाटण वाटणारी मात्र घरची बाई. मुंबईत गिरणगावातही हेच. कोकणातल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. १९८२ च्या गिरणी संपाची झळ त्यांच्याही चुलीपर्यंत पोचली.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईचा बराच प्रवासी रुळांवर गेला. २०१० साली महामार्गाचा क्रमांक १७ चा ६६ झाला. नंतर चौपदरीकरण आलं. रस्ता रुंद झाला, वेळ वाचला. ही सोय कोणाला नको आहे? पण महामार्गालगतची कितीतरी जुनी हॉटेलं मागे सरली, काही गेलीच. त्यांच्याबरोबर गेल्या त्या पाट्या, उधारीच्या वह्या आणि रात्री-अपरात्री उतरलेल्या परक्याला बाकावर निजू दिल्याच्या आठवणी.

किल्ल्यांचा इतिहास लिहिला जातो, खाणावळींचा नाही. तो अजून घराघरांतल्या आजींपाशी आहे. त्यांना विचारा: चूल कोणी मांडली, ताट कितीला होतं, उधारी कोणाची माफ केली? आणि उत्तरं वहीत उतरवून ठेवा. उशीर केलात, तर सांगणारं कोणी उरणार नाही.