जंगल राखणाऱ्यांचा हिशेब



आयुष्यभर संस्थांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाला तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या निसर्गसंस्थांच्या संमेलनाचे अध्यक्षपद दिलेत, याबद्दल मी तुमचा मनापासून आभारी आहे. वाघावर, फुलपाखरांवर, सागवानावर अधिकाराने बोलणारे जाणकार आपल्याकडे पुष्कळ आहेत. नोंदणी, करसवलत, देणगीची पावती या गोष्टी मात्र चहाच्या वेळी हळू आवाजात निघतात आणि चहाबरोबरच संपतात. मी आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे. उन्हातान्हात काम करणारे चांगले गट एका न भरलेल्या अर्जापायी खचलेले मी पाहिले आहेत.

आधी आपल्या बाजूची गोष्ट सांगतो. धर्मादाय हेतू म्हणजे काय, हे १९६१ च्या आयकर कायद्याने कलम २(१५) मध्ये सांगितले. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वांत शेवटी सार्वजनिक उपयोगाचे इतर कोणतेही काम. जंगल, पाणी, पक्षी हे सगळे त्या ‘इतर’मध्ये जमा होते. २००८ च्या वित्त कायद्याने या ‘इतर’ला अट घातली: शुल्क घेऊन व्यापार-व्यवसायाच्या स्वरूपाचे काम केले, तर ते धर्मादाय मानले जाणार नाही. निसर्ग शिबिराची फी घेणारी, गावकऱ्यांचा मध विकून चार पैसे उभे करणारी प्रत्येक संस्था या अटीच्या कचाट्यात आली असती. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, संसदेने व्याख्येत नवे शब्द घातले: पाणलोट, वने आणि वन्यजीव यांसह पर्यावरणाचे जतन. ही दुरुस्ती १ एप्रिल २००९ पासूनच, म्हणजे ती अट ज्या दिवशी लागू झाली त्याच दिवसापासून, अमलात आली. इंग्लंडने २००६ च्या धर्मादाय कायद्यात पर्यावरणरक्षणाला स्वतंत्र हेतूचे स्थान दिले होते. आपण तीनच वर्षांनी तिथे पोहोचलो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. शाळा चालवणारा आणि दवाखाना चालवणारा ज्या ओळीत उभा आहे, त्याच ओळीत नाल्याचे उगमस्थान राखणारा उभा आहे. व्यवसाय मूळ कामाला पूरक असावा आणि त्याच्या वह्या वेगळ्या असाव्यात, एवढे पथ्य आहेच. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पण हे शब्द कायम राहिले. माझ्या मते आपल्या चळवळीला मिळालेल्या मोठ्या मान्यतांपैकी ही एक आहे, आणि आपण तिचा उत्सव कधी केला नाही.

आता आपल्या मातीत या. टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली. तो तेलंगणातून आणि महाराष्ट्राच्या कितीतरी जिल्ह्यांतून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला. त्याची एकूण वाटचाल ३००० किलोमीटरच्या वर भरली आणि जगाने त्याला ‘वॉकर’ म्हणून ओळखले. तो ज्या वावरांतून, नाल्यांतून, रस्त्यांवरून गेला, त्यातली बहुतेक जमीन अभयारण्याची नव्हती. तिथे वनरक्षक नव्हता. तिथे होते शेतकरी, गुराखी आणि त्यांचे ऐकून घेणारी गावातली चार पोरे.

त्याच्या आदल्याच वर्षाची दुसरी गोष्ट आपण कोणीही विसरलेलो नाही. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात १३ माणसांच्या मृत्यूंशी टी-१ वाघिणीचे नाव जोडले गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. त्याआधीच्या सुमारे दोन वर्षांत शेतावर जाणारी माणसे काय भोगत होती, हे या सभागृहातल्या अनेकांना घरातून माहीत आहे. गुराख्याचाही आणि वनखात्याचाही विश्वास ज्याच्यावर आहे, असा माणूस गावात असणे किती मोलाचे, हे त्या काळाने शिकवले. असा माणूस आदेशाने तयार होत नाही. वर्षानुवर्षे पीकनुकसानीचे अर्ज लिहून देऊन, पंचनाम्याच्या वेळी शेतकऱ्याच्या बाजूला उभे राहून, रात्री-बेरात्री घरात निघालेला साप पकडून तो तयार होतो.

आपले गट नेमके काय करतात? रानडुक्कर आणि रोह्यांसाठी धुऱ्यावर सोडलेला विजेचा प्रवाह आणि जंगलात लावलेले तारेचे फास हे इथल्या वन्यजीवांचे मोठे मारेकरी. टिपेश्वरच्या वाघांच्या गळ्यात असे फास रुतलेले आढळले आहेत. फास शोधत पायी फिरणे, आणि शेतकऱ्याला शत्रू न बनवता विजेच्या तारेबद्दल त्याच्याशी बोलणे, हे पहिले काम. मार्चमध्ये मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि तिथून वणवा पसरतो. त्याआधी गावात जाऊन पाला झाडून घ्यायला सांगणे, हे दुसरे. उन्हाळ्यात पाणवठे भरणे, झरे मोकळे करणे, शाळेच्या मुलांना आपल्या शिवारातले पक्षी दाखवणे. यातले एकही काम महागडे नाही. त्याला वेळ लागतो, पेट्रोल लागते आणि ओळख लागते.

आणि इथेच माझा पेशा अडतो. समजा, एका गटाने वर्षभरात ४० हजार रुपये जमवले आणि खर्चले. ताळेबंदात ४० हजारच दिसणार. दहा स्वयंसेवकांनी फुकट दिलेले दिवस ना जमेत येतात, ना खर्चात. टळलेला वणवा कुठल्याच रकान्यात बसत नाही. ताळेबंद वाचणाऱ्याला हा गट क्षुल्लक वाटतो आणि इमारत बांधणारी संस्था भक्कम वाटते. म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक गटाने लेखापरीक्षण अहवालासोबत दोन पानी कार्यवृत्त ठेवावे. किती दिवस, किती माणसे, कुठले शिवार, किती फास, किती अर्ज, हे तारखेनिशी लिहावे. आयकर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी अधिकारी कामाचा पुरावा मागतो, तेव्हा हीच दोन पाने उपयोगी पडतात.

आता अडचणी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेत विश्वस्त बदलला, तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. गावातला विश्वस्त नोकरीसाठी पुण्याला जातो, दुसरा वारतो, आणि अर्ज राहून जातो. पुढे बँक खाते अडते. आयकराची नोंदणी पूर्वी एकदा मिळाली की टिकत असे. २०२१ पासून तिला मुदत आली, साधारणपणे पाच वर्षांची. २०२३ पासून तर नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला नाही, तर संस्थेच्या साठलेल्या निव्वळ मालमत्तेवरच सर्वोच्च दराने कर लागू शकतो. ज्यांनी लोकवर्गणीतून जमिनीचा तुकडा विकत घेऊन त्यावर गवत राखले, त्यांच्यासाठी हे किती धोक्याचे आहे! देणगीदारांचे विवरणपत्र, म्हणजे फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत भरायचे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. मे महिन्यात आपली माणसे पाणवठ्यावर असतात, संगणकापुढे नसतात.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की सरकारने काही ऐकले आहे. ऑक्टोबर २०२४ पासून योग्य कारण असेल, तर नोंदणीच्या अर्जाचा उशीर माफ करता येतो. २०२५ च्या वित्त कायद्याने, ज्यांचे उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत पाच कोटींच्या आत आहे, त्यांची नोंदणी दहा वर्षांची केली. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक संस्था यात बसते. पण पाच कोटींची संस्था आणि पन्नास हजारांचा गट यांना एकच फॉर्म, हे मला अजूनही अन्यायाचे वाटते. लहान गटांसाठी एका पानाचे विवरण असावे, ही मागणी या संमेलनाने ठरावाने करावी.

देणगीच्या सवलतीबद्दल थोडे. कलम ८०जी खाली एक हजार रुपये दिले, तर साधारणपणे पाचशेची वजावट मिळायची. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या शिक्षकाचे त्यात शंभर रुपये वाचायचे. आता नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट नाही. म्हणजे तालुक्यातला पगारदार देणगीदार, जो आपला खरा आधार, त्याने जुनी प्रणाली मुद्दाम निवडली नाही, तर त्याला आज पावतीचा करासाठी काही उपयोग उरला नाही. ब्रिटनमध्ये ‘गिफ्ट एड’ नावाची व्यवस्था आहे: करदात्याने संस्थेला १०० पौंड दिले, तर संस्था स्वतः सरकारकडून आणखी २५ पौंड मागून घेते. सवलत दात्याच्या खिशात न जाता कामाकडे जाते. आपल्याकडे असे काही झाले, तर पन्नास रुपये देणाऱ्या माणसाचीही किंमत वाढेल. मी याचा पाठपुरावा करत राहणार आहे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा मार्ग खुला आहे. पण कंपनीबाहेरच्या संस्थेला तो मिळायचा, तर करमाफीची १२ए आणि देणगी-सवलतीची ८०जी या दोन्ही नोंदण्या आणि तीन वर्षांचे काम लागते. निधी जरूर घ्या. मात्र एक कळकळीची विनंती आहे. निधी देणाऱ्याला झाडांचा आकडा हवा असतो, म्हणून गवताळ माळावर खड्डे खोदू नका. तो माळ चिंकारा, लांडगा, चंडोल यांचे घर आहे आणि गावच्या ढोरांचा चाराही आहे. तिथे झाडे लावणे म्हणजे जतनाच्या नावावर केलेली मोडतोड. अशा वेळी पैसा नाकारणारी संस्था मला जास्त मोठी वाटते.

सगळ्यांनी विश्वस्त संस्थाच काढावी, असेही नाही; ग्रामसभेचाही मार्ग आहे. या जिल्ह्यात १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या जंगलात गवत कापून कायदा मोडला, तो जंगलावर गावाचा हक्क आहे म्हणून. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो हक्क मान्य केला आणि ग्रामसभेला वन्यजीव, वन आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी व्यवस्थापन समिती आणि तिचा निधी सांगितला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने ग्रामसभेच्या बळावर काय होते, ते दाखवले. गावात ग्रामसभा जागी असेल, तर तिच्यासोबत काम करा. समांतर संस्था काढून माणसे वाटून घेऊ नका. जिथे बाहेरून देणगी आणायची आहे, जमीन राखायची आहे, तिथे नोंदणी घ्या आणि ती जिवापाड सांभाळा.

करमाफी म्हणजे समाजाने आपल्या वाट्याचा कर तुमच्या हाती सोपवला आहे. त्याचा हिशेब समाजालाच द्यायचा असतो. म्हणून वर्षातून एकदा ग्रामसभेत उभे राहून जमाखर्च वाचून दाखवा, पेट्रोलच्या पावतीसकट. ज्या गावाने हिशेब ऐकला, ते गाव तुमच्यावर आळ येऊ देत नाही.

शेवटी दोन मागण्या. जिल्ह्यातल्या मोठ्या, जुन्या संस्थांनी आपल्या कार्यालयातले एक टेबल लहान गटांच्या कागदपत्रांसाठी मोकळे करावे. आणि यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवड्याच्या माझ्या सहव्यावसायिकांनी प्रत्येकी एका निसर्गगटाचे लेखापरीक्षण विनामूल्य करावे. माझे नाव त्या यादीत पहिले लिहा. इथून घरी गेल्यावर आपल्या संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र काढा, त्यावरची मुदत वाचा, आणि ती वर्षभरात संपत असेल, तर उद्याच मला भेटा.